तिसऱ्या नंबरचा ट्रे

प्रिय चष्मिष,

एवढ्या वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तरी पत्र फाडू नकोस. वनस्पतीशास्त्राच्या वार्षिक परिषदेसाठी परगावी आलेय. गळ्यात नावाची पट्टी, खांद्याला फुकटची पिशवी आणि चहाला ही भलीमोठी रांग, सगळं आपण विद्यार्थिनी असताना होतं तसंच. आपले सरही आलेत. कानाला यंत्र लागलंय, पण पहिल्या रांगेत बसून पेंगायची सवय गेलेली नाही.

माझा निबंध सकाळीच उरकला. ऐकायला अकरा माणसं, त्यातली दोन दार चुकलेली. मग पोस्टरांच्या दालनात रेंगाळत बसले. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय मला राहवत नाही, हे तुला सांगायला नको. कोपऱ्यात एक मुलगी आपल्या पोस्टरशेजारी एकटीच उभी होती. तिने बियांचे काही ट्रे सतत बारीक थरथरणाऱ्या फळीवर ठेवले होते, आणि ते बाकीच्यांपेक्षा दोन दिवस आधी अंकुरले होते. ऊब, पाणी, उजेड सगळ्यांना सारखाच. मी तिचा पिच्छाच पुरवला. बी कुठलं, थरथर किती, फळी लाकडी की लोखंडी? तिला वाटलं मी परीक्षक आहे. बिचारी घटाघटा पाणी प्यायली.

दोन दिवस आधी. तुझ्या वहीत हेच होतं ना गं? तुझा तिसऱ्या नंबरचा ट्रे प्रयोगशाळेतल्या त्या जुन्या फ्रिजवर असायचा. फ्रिज कसला, हुडहुडी भरल्यासारखा दिवसभर थरथरायचा. दर खेपेला तिथलं बी आधी फुटायचं आणि का ते कुणालाच उमगत नव्हतं. शेवटी सरांनी पडताळणी लावली. आठवडाभर तुला आत यायची मनाई, आणि पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. आठव्या दिवशी कुलूप उघडलं तर चारही ट्रेमधली रोपं एकाच उंचीची. तू आकडे मनाने लिहिलेस, असं सगळ्यांनी धरलं. तू वही घेऊन गेलीस ती परत आलीच नाहीस.

आता जे लिहायचंय त्याला हात रेटत नाही. पहिल्याच दिवशी तुझा ट्रे मी फ्रिजवरून खिडकीत ठेवला होता. माझ्या नमुन्यांच्या डब्याला जागा हवी होती. सर यायच्या आधी तो परत जागेवर ठेवला. कुणी काही हलवलं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. जागेने काय फरक पडतो, अशी स्वतःची समजूत घातली. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी मी, तुझ्यावर आळ आला तेव्हा नेमकी मिठाची गुळणी धरून बसले. मला फार लाज वाटते.

दुपारी सरांना सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा यंत्रात नीट आलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला. “मी तिला खोटारडी म्हणालो होतो,” एवढंच म्हणाले आणि तुझा पत्ता मागितला. त्या मुलीलाही तुझी वही पाहायचीय. तुझ्या रोपवाटिकेचा पत्ता मी कुणालाच दिलेला नाही. तो द्यायचा की नाही, ते तू ठरव. त्याआधी तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून पत्र. तू खरं लिहिलं होतंस. मला माफ केलं नाहीस तरी चालेल, पण एक सांगशील? रोपवाटिकेत पाण्याचा पंप असेलच. त्याच्याशेजारी कधी बी लावून पाहिलंस का?

तुझीच,
बडबडी