फर्स्ट एड इनचार्ज, निरवांगी

ता. ७ सप्टेंबर १९३६
पुण्याचा फर्स्ट एडचा क्लास पुरा करून काल परत आलो. सर्टिफिकेट मिळालं. फ्रेम करायला इंदापूरला टाकलं आहे.

तपासनीस साहेब मागं येऊन गेले तेव्हा उसाच्या चरकाजवळ औषधाची पेटी नाही म्हणून मालकांवर डाफरले होते. म्हणून मला पाठवलं. हिंदुराव मालक आमच्या जागेला कारखाना म्हणतात, गाव गुऱ्हाळ म्हणतं. ऑइल इंजिन आहे, पट्टा आहे, इंजिनावर चालणारा चरक आहे, रस उकळायच्या सहा काहिली आहेत. मी तरी कारखानाच म्हणतो. आजवर मी इथं नुसता टाइमकीपर होतो. आजपासून टाइमकीपर व फर्स्ट एड इनचार्ज.

क्लासमध्ये एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली. प्रथमोपचार करणाऱ्यानं डोकं थंड ठेवावं. बाकीचे घाम पुसत लिहून घेत होते. मला लिहून घ्यायची गरज वाटली नाही. वडील गेले त्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि मी अंगणात लाकडं उतरवून घेत होतो. काही वाटलं नाही. हा गुण उपजतच असावा लागतो.

संकल्प: रोज एक बँडेज. दिवाळीपर्यंत सगळ्या कारखान्याचं ड्रिल.

ता. ११ सप्टेंबर
पेटी आली. पांढरी, वर लाल फुली. आत कापूस, आयोडीन, बँडेजचे रोल, कात्री, हाड मोडल्यास बांधायच्या लाकडी पट्ट्या. गेणबा गुळव्या (रसाचा गूळ कधी झाला हे ओळखणारा, त्यामुळं स्वतःला फार समजतो) म्हणाला, भाऊसाहेब, बिस्किटं हायेत का ह्यात? मी पेटी बंद केली. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. उघडी ठेवली तर हे लोक आयोडीन बैलांनाही लावतील.

ता. १४ सप्टेंबर
प्रॅक्टिस सुरू. सौ.च्या डोक्याला बांधायला घेतलं, तर ती म्हणाली, चूल पेटलीय, मला सोडा. मोठ्या कामात घरची साथ मिळत नाही ती नाहीच.

शेवटी जोतीराम तयार झाला. हा चरकात ऊस घालणारा. रोलर फिरत असताना त्यात मोळी लावायची म्हणजे हाताला डोळे हवेत, आणि ह्याचा हात असा चालतो की बारामतीकडची गुऱ्हाळवाली माणसं त्याला पळवायला टपलेली असतात. त्या उजव्या हातावरच त्याचं घर चालतं. तो हात पुढं करून बसला नि म्हणाला, बांधा भाऊसाहेब, तेवढीच बसायला सापडंल.

पट्टी झकास बसली. संध्याकाळपर्यंत ती कोपरावरून मनगटात उतरली होती. हवा दमट आहे.

ता. २२ सप्टेंबर
ड्रिल. विषय: रक्तस्राव. जखमेच्या वर आवळून बांधावं, जखमी माणसाला धीर द्यावा, भोवती गर्दी करू नये, हे समजावून सांगितलं. गेणबानं सगळ्यांदेखत विचारलं, भाऊसाहेब, तुमी कुनाचं रगत थांबिवलंय का कंदी? मी म्हणालो, तत्त्व कळलं की पुरे. काहीजण हसले. जोतीराम नाही हसला. माणूस चांगला आहे. बँडेजखाली झोपतो, एवढंच.

ता. ३ ऑक्टोबर
पहिली केस. काहिलीखालच्या चुलवणाची डागडुजी चालली असताना गेणबाचा अंगठा भाजला. मी ताबडतोब धावलो. किल्ली दुसऱ्या कोटात. घरी जाऊन आणली. तोवर गेणबानं अंगठ्याला ओली माती थापली होती आणि तो तंबाखू मळत बसला होता. केस हातची गेली. ह्यात माझी चूक नाही, कोट सौ.नं धुवायला काढला होता.

संकल्प: किल्ली दोऱ्यात बांधून गळ्यात.

ता. १९ ऑक्टोबर
नवरात्र. यंदाचा हंगाम दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू होणार. बारामतीहून पाहुणे येणार. सजावटीचं काम मालकांनी माझ्यावर टाकलं.

कल्पना सुचली. एकच हार, अखंड. चरकाच्या माथ्यावरून निघेल तो थेट माझ्या पेटीच्या कडीत. यंत्र आणि उपचार एका सूत्रात. पाहणाऱ्याला न सांगता कळेल. जोतीरामला दाखवून सांगितलं. म्हणाला, लय झ्याक दिसंल.

ता. २४ ऑक्टोबर, खंडेनवमी
इंजिन, चरक, काहिली, कोयते आणि माझी पेटी, सगळ्यांची पूजा. पेटीच्या लाल फुलीवर हळदकुंकू. चारचौघांच्या नजरेत यावी म्हणून पेटी चरकाच्या कट्ट्यावर ठेवली. मनगटाएवढा जाड झेंडूचा हार, वळून वळून माझे हात पिवळे झाले. मालक म्हणाले, कुंडलिकराव, थाट केलात बुवा. चांगलं वाटायला हवं होतं. वाटलं असेलही.

ता. २५ ऑक्टोबर, दसरा. सकाळ
थोड्या वेळात मुहूर्त. हार तसाच. इंजिनवाल्यानं तो काढू का म्हणून विचारलं होतं. मालक म्हणाले, उत्तरपूजा संध्याकाळी, तोवर पूजेतलं काही हलवायचं नाही. मी दुजोरा दिला. पूजेतला हार उतरवून चरक सुरू करायचा म्हणजे मुहूर्ताचा अपमान. नवा कोट घातला आहे. किल्ली गळ्यात.

त्याच दिवशी, दुपारी
रिपोर्ट द्यावा लागेल म्हणून क्रमानं लिहून ठेवतो.

इंजिन सुरू झालं. जोतीरामनं पहिला ऊस लावला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हाराचा लोंबता भाग उसाबरोबर रोलरमध्ये गेला. हार ताणला गेला. दुसरं टोक पेटीच्या कडीत पक्कं बांधलेलं, त्यामुळं पेटी कट्ट्यावरून चरकाकडं सरकायला लागली. जोतीराम ओरडला, आरं, भाऊसाहेबांची पेटी! डाव्या हातानं त्यानं पेटी दाबून धरली आणि उजव्यानं हार मागं खेचला. हाराचा वेढा हाताला बसला. हाराबरोबर हात आत गेला. आधी बोटं, मग पंजा.

इंजिनवाल्यानं पट्टा पाडून चरक थांबवला. रोलर उलटे फिरवून हात सोडवला. गेणबानं डोक्याचं पागोटं सोडलं, दंडाशी गुंडाळलं आणि दात लावून आवळलं. जोतीरामची शुद्ध तोपर्यंत गेली होती. मालकांच्या मोटारीत घालून त्याला बारामतीला दवाखान्यात नेलं.

मी जागेवरच होतो. डोकं पूर्ण थंड. काही वाटलं नाही. किल्ली मुठीत होती.

पेटीला ओरखडाही नाही.

ता. २७ ऑक्टोबर
जोतीराम जगला. हात मनगटापासून काढावा लागला.

विचार केला. गर्दी करू नये हा नियम सगळ्यांनी मोडला, मी नाही. पेटी उत्तरपूजेआधी उघडता आली नसतीच. शिवाय पागोटं बांधून झाल्यावर वर बँडेज बांधणं शास्त्राला धरून नाही. तेव्हा माझ्याकडून जे व्हायला हवं होतं ते झालं असं म्हणता येईल.

मालकांना रिपोर्ट दिला. अपघाताचं कारण: झेंडू.

ता. ४ नोव्हेंबर
चरक चालू आहे. ऊस घालायला सुप्याचा एक माणूस आणला आहे. तो सारखा आपल्या हाताकडं बघतो, त्यामुळं काम सावकाश होतं. गेणबा डोक्याला पंचा बांधून काहिलीवर उभा असतो. पेटीबद्दल आता कुणी थट्टा करत नाही. ह्याला मी आदर समजतो.

रात्री जेवून उठल्यावर सौ. म्हणाली, आमटीत मीठच नव्हतं, तुम्ही बोलला कसे नाहीत? मला कळलं नव्हतं.

ता. १५ नोव्हेंबर
दिवाळी. अभ्यंगस्नान. पोरांनी फटाके उडवले. आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता, उडवत मात्र ओसरीवरच होते. कानात पाणी गेलं असेल.

संकल्प: पुढच्या सोमवारपासून पुन्हा ड्रिल. विषय ठरवायचा आहे.

ता. २२ नोव्हेंबर
जोतीराम दवाखान्यातून घरी आला. रोज पट्टी बदलायची असते. मी असताना त्यानं कुणाकडून कशीही बांधून घ्यावी हे बरं दिसत नाही. उद्या पेटी घेऊन जायचं ठरवलं. रात्री घरी उशीला पट्टी बांधून पाहिली. उत्तम बसली.

ता. २३ नोव्हेंबर
ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेलो. जोतीराम बाजेवर बसला होता. वाळलाय. त्याची बायको चंद्राबाई धावत बाहेर आली आणि मी काही बोलायच्या आत माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, डाक्टर म्हनलं, ज्यानं दंड आवळला त्यानं मानूस वाचिवला. तुमी हुता म्हून माजं कुकू ऱ्हायलं, भाऊसाहेब. जोतीरामनंच तिला तसं सांगितलं होतं. शुद्ध गेल्यावर माझ्याशिवाय कोण बांधणार, असं त्यानं धरून ठेवलेलं.

मी म्हणालो, असू दे, असू दे. गेणबाचं नाव तोंडापर्यंत आलं होतं. आलं होतं हे मी खात्रीनं सांगू शकतो.

मग ती पातेल्यात ऊन पाणी घेऊन आली. म्हणाली, आज तुमच्याच हातानं बांदा, देवावानी गुन येईल. मी पेटी उघडली. नवा रोल काढला. जोतीरामनं उजवा हात पुढं केला. तो मनगटाशीच संपतो.

मी रोल धरून बसलो. काय करायचं ते सगळं मला पाठ आहे. सुरुवात कुठून, वेढा किती तिरपा, गाठ कुठं, सगळं. हात हलेना. पाणी निवलं. चंद्राबाई एकदा माझ्याकडं बघे, एकदा नवऱ्याकडं. जोतीराम तिला म्हणाला, भाऊसाहेब उनाचं चालत आल्यात, दमल्यात. तू बांद, ते टोक धरत्याल.

तिनं जुनी पट्टी ओली करून सोडवली, धुतलं, पुसलं. मी पट्टीचं टोक धरलं. ती बांधत होती आणि मला रडू येत होतं, असं वाटतं. सवय नसल्यामुळं नक्की सांगता येत नाही. तो सबंध वेळ मी त्या हाताकडं बघत होतो, पहिल्यांदाच.

चंद्राबाई म्हणाली, झालं भाऊसाहेब, सोडा आता.

मी सोडतच होतो, पण मूठ उघडेना. तिनं पुन्हा सांगितलं. मग जोतीराम बाजेवरून पुढं वाकला, त्यानं डाव्या हातानं माझी बोटं एकेक करून उलगडली, आणि टोक मोकळं करून घेतलं. म्हणाला, हुतं आसं कुनाकुनाला.