संताचे वेगळे शिंग

२ जानेवारी, शुक्रवार

चोपन्नाव्या वर्षी दुसऱ्यांदा संसार मांडणाऱ्याने तक्रारीला जागा शोधू नये, आणि मला ती सापडलीही नाही. सकाळी दहाच्या बोटीने सामानासह उतरलो तेव्हा डेल्सी धक्क्यावर छत्री धरून उभी होती. लग्नाला तीन आठवडे झाले, तरी मला पाहून ती अजून लाजते. घर ऐसपैस आहे: पुढे लांब पडवी, मागे विहीर, अंगणात आंब्याची दोन झाडे. घरात सासूबाई सेफेरिना (गाव त्यांना मानाने ‘न्या सेफेरिना’ म्हणते), डेल्सीचा धाकटा भाऊ इसिद्रो आणि तिच्या पहिल्या लग्नाची मुलगी मिरियान, वय सात. मिरियानने माझी मोजपट्टी मागून घेतली आणि कोंबडी मोजायला काढली. शेपटी धरून मोजायची की सोडून, हे तिने आधी विचारले. ही मुलगी आपली आहे, असे मला तेव्हाच वाटले.

अकराला आंब्याखाली तेरेरे. बैलाच्या पोकळ शिंगात येर्बा नावाच्या पानांची पूड, त्यावर गार पाणी, सगळ्यांत एकच धातूची नळी, खालच्या टोकाला जाळी असलेली. सासूबाई ओततात आणि शिंग हातोहात फिरते. ज्याला पुरे झाले तो ‘धन्यवाद’ म्हणतो, मग त्याच्याकडे शिंग येत नाही. पहिले पाणी संत तोमासचे, ते कुणी पीत नाही. इतरत्र ते त्याच शिंगात मुरू देतात. या घरी मात्र संताला वेगळे काळे शिंग आणि वेगळी रिकामी खुर्ची आहे. कारण विचारले, तर इसिद्रो म्हणाला, आमचा संत जरा सोवळा आहे, दाजी, उष्टं चालत नाही त्याला. सासूबाई हसल्या नाहीत.

४ जानेवारी, रविवार

स्त्रिया मिरियानला घेऊन चर्चला गेल्या होत्या. घरचे शिंग तडकून गळू लागले, तेव्हा मी खिळ्यावरचे काळे शिंग काढले. चांगली वस्तू केवळ मानासाठी टांगून ठेवणे मला पटत नाही. इसिद्रो आधी कचरला, मग म्हणाला की आज रविवार, संतसुद्धा चर्चला गेला असेल, घ्या पिऊन. पहिला तो प्यायला, मग मी. चव किंचित खारट होती.

परतल्यावर सासूबाईंनी ओले शिंग पाहिले. रागावल्या नाहीत. आधी कोण प्यालं, एवढेच त्यांनी विचारले.

८ जानेवारी, गुरुवार

इसिद्रोला ताप. घशात राखाडी पांढरा पापुद्रा. डॉक्टरांनी घटसर्पाचे निदान केले आणि आरोग्यकेंद्रातले एकमेव इंजेक्शन त्याला टोचले. मिरियानसाठी दुसरे राजधानीहून, आसुन्सिओनहून येईल, पण पुढल्या शनिवारच्या, म्हणजे १७ तारखेच्या बोटीने. तोवर तिला जपा, एवढ्या लहान मुलीचा घसा दोन दिवसांत बंद होतो, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले.

नऊ दिवस. काम अवघड आहे, परंतु ते पद्धतशीरपणे करता येण्याजोगे आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

स्वयंपाकघराच्या दारावर नियम लावले. पहिला: रुग्णाची भांडी वेगळी. दुसरा: आपापल्या भांड्याला दुसऱ्याचे तोंड लागू नये. तिसरा: इसिद्रोच्या मागल्या खोलीत केवळ मी जाईन, तोंडाला फडके बांधून, आणि बाहेर येताना हात कोपरापर्यंत धुईन. चौथा: मिरियान पुढच्या खोलीतून बाहेर येणार नाही, तिचा मग आणि ताट खिडकीतून. तिने एकच शंका काढली: कोंबडी आत आली तर चालेल का? नाही म्हणालो.

शिंग उकळले की वाकते, त्यामुळे ते शुद्ध करता येत नाही. म्हणून घरातली सगळी शिंगे चुलीत घातली आणि प्रत्येकाला पत्र्याचा मग व स्वतंत्र नळी दिली. पाच माणसे, पाच मग. काळे शिंग हातात घेताच सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, जावईबापू, बाकी सगळं जाळा, माझी खाट जाळा, पण एवढं राहू द्या. त्यातूनच इसिद्रो प्यायला होता. मी ते जाळले. केस जळल्यासारखा वास दुपारपर्यंत गेला नाही.

११ जानेवारी, रविवार

इसिद्रोचा ताप उतरला. हळू आवाजात बोलतो. म्हणाला, दाजी, तुमचे नियम वाचून आजारच कंटाळून गेला.

परंतु एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. दुपारी, सगळे निजलेले असताना, डेल्सीची नळी उकळण्यास घेतली. खालच्या जाळीत पांढरा पापुद्रा होता. डेल्सीचा घसा मी खिडकीपाशी नेऊन तपासला. स्वच्छ आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आज सासूबाईंच्या नळीत. त्यांचाही घसा स्वच्छ.

मिरियानचा सोडून उरलेल्या चारही मगांत साधे पाणी भरले, पेन्सिलीने आत खूण केली, वर बशा ठेवल्या आणि समोर बसलो. साडेबारा ते अडीच. कुणी आले नाही. बशा हलल्या नाहीत. प्रत्येक मगात दोन बोटे पाणी कमी.

माझ्या मगात तीन.

१३ जानेवारी, मंगळवार

मिरियानने खिडकीतून सांगितले की दुपारी एक मुलगी येते, मोठी, वेणीवाली, आणि मगाकडे हात करते. बोलत नाही. हिने तिला सांगितले, विल्फ्रिदोकाकांनी बजावलंय, ज्याचा त्याचा मग ज्याच्या त्याच्यापाशी. मग ती गेली का? नाही, म्हणाली. उभी राहते.

खिडकीला फळ्या ठोकल्या. डेल्सीला विचारले. मग सासूबाईच बोलल्या.

रामोना, त्यांची थोरली. चौदा वर्षांची, याच घरात, याच रोगाने. तीस वर्षे झाली. शेवटच्या दिवशी पाणी मागत होती. काळ्या शिंगातून नळी ओठांना लावली, पाणी नाकातून परत आले. धन्यवाद म्हणण्यापुरताही घसा उघडला नाही. सासूबाई म्हणाल्या, धन्यवाद म्हटलं नाही पोरीनं, मग तिची पाळी मी कशी मोडू? रोज पहिलं तिला देत होते. संताच्या नावानं. तिचं तिला मिळत होतं, ती तिच्या खुर्चीत होती.

रुग्णाची भांडी वेगळी. माझाच पहिला नियम. त्या तो तीस वर्षे पाळत होत्या.

आणि ते भांडे मी जाळले.

१४ जानेवारी

बाजारातून नवे शिंग आणले. खुर्चीवर ठेवले. एक तास, पाणी तसेच. सासूबाई म्हणाल्या, ते तिचं नाही, तोंड लावायची नाही. आता ज्याच्या बरोबर बसून प्याली, त्याच्याच हातचं घेईल.

म्हणजे इसिद्रोच्या. किंवा माझ्या.

खिडकीच्या फळ्यांवर बाहेरून ओलसर काहीतरी. ओठांच्या उंचीवर.

१५ जानेवारी

प्रयोग केला. माझा मग. आधी मी प्यालो, मग नळी खुर्चीकडे वळवून हात पुढे धरला. नळी वाजली — तळाशी पाणी संपताना वाजते तशी. सासूबाईंनी पुन्हा भरला. माझी पाळी. तिची. माझी. दुपारभर.

त्या दुपारी खिडकीपाशी कुणी आले नाही. मिरियानला तीनदा विचारले. नाही, कुणीच नाही, काका.

चालेल. दोन दिवस.

१६ जानेवारी

गिळताना दुखते. ताप. इसिद्रो उठून आला, म्हणाला, दाजी, सरका, मी बसतो. दारावर पाचवा नियम लिहिला: ही पाळी कुणी घेणार नाही.

सहावा: बोटीने येणारे इंजेक्शन मिरियानचे. इतर कुणी कितीही आजारी असो. डेल्सी वाचून रडली. सही करायला लावली तिला.

आता दिसते. वेणी. मान वर करून गिळते, आणि ते —

१७, शनिवार

आवाज गेला. आरशात पाहिले. पांढरे.

नळी थांबत नाही आता. बोट दहाला. डॉक्टर येतील, तिला टोचतील, मग मी पाळी सोडू शकतो. एक शब्द म्हटला की सुटतो. सगळ्यांना ठाऊक आहे.

आत्ता म्हणून पाहिला — हवा फक्त.

कागदावर लिहून दाखवला. सासूबाईंना वाचता येत नाही. डेल्सीने वाचून सांगितले, तर त्या मान हलवून म्हणाल्या, ज्याचा त्यानंच म्हणायचा असतो, बाळा. आणि ओतले.

भोंगा. बोट आली. डेल्सी धावली. मिरियान दारामागून ओरडते आहे, काका, कुणी नाही आलं, आजही नाही —

बरे.

मग पुन्हा माझ्यापाशी. भरलेला. ती थांबली आहे. मी घेतो. मग तिला. मग —