रिकाम्या होड्यांच्या सत्तावन्न वह्या

मी, मुक्ता भिमाजी राळेभात, वय बाहत्तर, राहणार जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि भरपूर रागात लिहून ठेवते. राग म्हणजे वेड नव्हे, हे कोर्टाने ध्यानात घ्यावं.

१. दोन खोल्यांचं घर भाऊ कानिफनाथ याला. त्याने माझ्या चार वह्या रद्दीत घातल्या, तरी भाऊ तो भाऊच. पत्र्याची पेटी मात्र त्याची नाही.

२. पेटीत सत्तावन्न वह्या आहेत. कोकणातल्या बंदरावर मत्स्य खात्याच्या नोकरीत मी एकतीस वर्षं मासळी मोजली. रिकामी होडी आली की तिच्यापुढे शून्य लिहिलं. ही सवय वडिलांची. ते इथे जामखेडात पर्जन्यमापकाची नोंद ठेवत आणि कोरड्या दिवशीही जाऊन शून्य लिहीत. त्या शून्यांवरच दुष्काळ जाहीर व्हायचा.

३. आमचे साहेब, आप्पासाहेब, यांनी सगळ्या बंदरांच्या नोंदी संगणकात भरून समुद्रात मासळी किती उरली याचं गणित मांडलं. त्यात माझी शून्यं ‘रिकाम्या ओळी’ म्हणून काढून टाकली. मी भांडले. ते म्हणाले, "मासेच नाहीत, तर नोंद कसली? जामखेडच्या बाईने आम्हाला समुद्र शिकवू नये."

संतापाने माझी गावची बोली बाहेर पडली. "सायेब, निस्त्या पावसाच्या दिसांची सरासरी काढली, तर जामखेडात बी पूर यील!"

सगळे हसले. गणितात मासळी उदंड निघाली, मोठ्या ट्रॉलरना परवाने मिळाले आणि माझ्या वहीत शून्यं वाढत गेली. ज्या होड्या रिकाम्या आल्या, त्यांतल्या माणसांची तोंडं मी पाहिली आहेत. आप्पासाहेबांनी शाल-श्रीफळ घेतलं. मी हे माफ केलेलं नाही.

४. पेटी आणि बँकेतली ठेव कानिफनाथची मुलगी दिशा हिला. तीही माशांचंच गणित संगणकावर मांडते. खात्याचे आकडे पाहून "आत्या, यात शून्यं कशी न्हाईत?" असं विचारणारी ती पहिलीच. अट एकच: एकही शून्य न गाळता सगळं भरायचं. रद्दीत गेलेल्या चार वह्यांच्या जागी मात्र शून्य घालू नये, ‘माहीत नाही’ असं लिहावं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

५. आप्पासाहेबांना माझ्याकडून शून्य. मुद्दाम लिहिते आहे. कोरं सोडलं, तर काहीतरी मिळालं असं धरून चालतील.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही केली.

मुक्ता भिमाजी राळेभात
जामखेड, १४ मार्च २०२५

आमच्यासमोर सही झाली:
१. सूर्यभान श्रीमंत डोके
२. मुजफ्फर बाबाजान शेख