नकारवाली बाटली

३ फेब्रुवारी, सकाळ

घरातल्या सगळ्यांची प्रकृती एकेक करून विचारली. शरीराची नव्हे, मनाची. शरीराची काय, कोणीही विचारतं. मुलाला विचारलं, मनानं कसा आहेस? म्हणाला, बाबा, ऑफिसला उशीर होतोय. निदान: अधीरपणा. सूनबाईंना विचारलं. म्हणाल्या, मी बरी आहे बाबा, तुम्ही फक्त बाथरूममधून लवकर बाहेर येत जा. निदान: दुसऱ्यावर सत्ता गाजवण्याची हौस. हिला विचारलं. म्हणाली, मला मेलीला काय धाड भरलीय? चहा घेणार का अजून? निदान राखून ठेवलं. शेवटी स्वतःला विचारलं. उत्तम.

ठराव: या घराचं भावनिक संतुलन आता मीच साधणार. जन्मभर वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासले. माणूस म्हणजे तरी काय, बोलणारा तराजूच.

४ फेब्रुवारी

पुष्पौषधींचं पुस्तक संपवलं. फुलं पाण्यात ठेवायची, पाणी उन्हात. फुलाचा स्वभाव पाण्यात उतरतो, पाण्याचा माणसात. इतकं सोपं असताना डॉक्टर लोक कॉलेजात इतकी वर्षं करतात काय, देव जाणे. अडतीस फुलं, अडतीस दोष. डोळ्यांत तेल घालून वाचले, एकही मला लागू नाही. क्षणभर वाटलं, पुस्तक अपुरं असावं. मग लक्षात आलं, यात पुस्तकाचा काही दोष नाही.

६ फेब्रुवारी

मेहुणीबाईंचा फोन. हिची थोरली बहीण, परगावी शिवणाचं दुकान आहे. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आलीय, कापायला विश्वासाचा हात हवा, तीन महिने ये. ही म्हणाली, बघते गं ताई. हिचं ‘बघते’ म्हणजे ‘हो’. आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही बिचारीला. रोज माझीच किती कामं निमूट करते, त्यावरून मी सांगतो.

तीन महिने! माझं जेवण? गोळ्या? चष्मा कोण शोधणार? अर्थात, प्रश्न माझा नाहीच. प्रश्न तिच्या मनाच्या आरोग्याचा आहे. पुस्तक उघडलं आणि फूल सापडलं: भिडस्त, प्रत्येकाच्या हाकेला धावणाऱ्या, नकार न देता येणाऱ्या माणसांसाठी. हिला नकार द्यायला शिकवायचं. पहिला नकार मेहुणीबाईंना.

७ फेब्रुवारी

बाटली आणली. दुकानातल्या मुलीनं विचारलं, आजोबा, कोणासाठी? म्हटलं, बायकोसाठी, फार दबून असते. म्हणाली, कोणाला? आजकालच्या पोरींना नसत्या चौकशा.

हिला सांगितलं, रोज चार थेंब पाण्यातून. वास घेऊन म्हणाली, यात दारू आहे. म्हटलं, ब्रँडी, औषध टिकावं म्हणून. म्हणाली, बरं. बाटली घेऊन आत गेली. बघा, काय हा भिडस्तपणा! औषधालासुद्धा नाही म्हणवेना.

१० फेब्रुवारी

गुण आला! खालच्या मजल्यावरच्या बाई हिच्याकडून पडदे फुकटात शिवून नेतात. आज हिनं तोंडावर सांगितलं, जमणार नाही. मी दाराआडून ऐकलं. ऊर भरून आला. मुलाला सांगितलं तर म्हणाला, बाबा, आईची पाठ दुखतेय. त्याला शास्त्रात गती पहिल्यापासूनच कमी.

१३ फेब्रुवारी

दुपारी दुसरा चहा मागितला. ही म्हणाली, नाही. पेपरातून मान वर न करता.

डोस जास्त होत असावा. म्हटलं, उद्यापासून दोनच थेंब घे. त्यालाही नाही म्हणाली.

१५ फेब्रुवारी

चष्मा सापडेना. हाक मारली. आतून उत्तर आलं, शोधा. इस्त्रीला ठेवलेला शर्ट जिथे ठेवला तिथेच, जसा ठेवला तसाच. सूनबाईंच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान. मुलगा म्हणाला, हात दाखवून अवलक्षण. मी उठून खोलीत गेलो. संतुलित माणूस वाद घालत नाही. दार मात्र जरा जोरात लागलं, वारा होता.

उपचार चोख आहे. तोफ उत्तम, फक्त तोंड इकडे झालंय. ते मेहुणीबाईंकडे वळवायचं.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

मेहुणीबाईंचा फोन आला. मी मुद्दाम समोर जाऊन बसलो. मान डावी-उजवीकडे हलवून हिला धीर देत राहिलो. ही माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, ताई, तीन महिने नाही गं जमणार.

टाळ्याच वाजवणार होतो. तेवढ्यात पुढे म्हणाली, तीन महिन्यांत धड काही होत नाही. सहा महिने येते.

१८ फेब्रुवारी

दिवसभर उतारा शोधला. नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावणारं फूल. अडतिसांत एकही नाही. एवढी फुलं हुंगली, पण नवऱ्यांचा विचार कोणी केला नाही! दुकानात गेलो. ती मुलगी म्हणाली, आजोबा, तुम्ही स्वतः काही घेता का? लोकांच्या जिभेला हाड राहिलेलं नाही.

रात्री ही कात्र्या कापडात गुंडाळत होती. प्रेमानं समजावलं, हा निर्णय तुझा नाही, औषधाचा आहे. थांब जरा, चार दिवसांत उतरेल. म्हणाली, अहो, ती बाटली तुम्ही आणलीत त्याच दिवशी मी मोरीत ओतली. मग म्हणाली, लग्नाआधी मी पट्टी न लावता नुसत्या नजरेनं सदरा कापायची, ठाऊक आहे तुम्हाला?

ठाऊक नव्हतं. म्हटलं, आहे की.

नुसत्या वासानं एवढा गुण! पुस्तकाच्या प्रकाशकांना कळवायला हवं.

२२ फेब्रुवारी

ही गेली. मुलगा गाडीनं स्टेशनवर सोडायला गेला. मी गेलो नाही, संतुलित माणसाला स्टेशनवर जावं लागत नाही. गॅलरीतून बघितलं. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती हात हलवत होती. मुलगा म्हणतो, गाडीची काच पुसत होती.

२४ फेब्रुवारी

घरात कमालीची शांतता. मुलगा आणि सूनबाई दोन दिवस बाहेरगावी. ठराव: स्वावलंबन. उद्यापासून माझे कपडे मीच धुणार. बटणं दाबायची असतात, त्यात काय मोठंसं.

२५ फेब्रुवारी, दुपार

हिला मोबाइलवर पाठवलेला मजकूर, नोंदीसाठी:

प्रकृती कशी आहे? ताईंची कशी आहे? कात्रीनं मनगट दुखत नाही ना? मी उत्तम. घरही उत्तम. तुझ्यावाचून काही अडत नाही, तेव्हा काळजी नसावी. सहज विचारतो. कपड्यांच्या मशीनमध्ये काठोकाठ पाणी आहे आणि दार उघडत नाही. माझ्या सगळ्या पँटी आत आहेत. सगळ्या. मी टॉवेलवर आहे आणि खालच्या मजल्यावरच्या बाई केव्हाच्या बेल वाजवतायत, त्यांच्याकडे पाणी गळतंय म्हणे. ताईंना नमस्कार सांग. तुझं काम आटोपलं की सावकाश उत्तर लिही. म्हणजे लवकर लिही. आत्ताच लिही.