कोऱ्या पानावरची सही

३ फेब्रु., मंगळ.
हे सरपंच झाले त्याले वरीस झालं. दोन्ही पार्ट्यांनी यायलेच काऊन बसवलं, ते मले आता समजून राह्यलं. हा माणूस कोणालेच नाई म्हणत नाई. शिक्का उपसरपंच बंडूभाऊच्या खिशात, यायच्याकडं नुसती खुर्ची. तीबी किती दिवसाची? गावच शहराच्या नगरपालिकेत जाऊन राह्यलं म्हणते, मंग ग्रा.पं.च संपली.

६ फेब्रु., शुक्र.
भाजी घेऊन गुजरीत, आमच्या भाजीबाजारात, गेली तं दोन माणसं टेप लावून आमची जागा मोजून राह्यले होते. म्हणे, "इथं दुकानांची चाळ होते, बाई. ग्रा.पं.चा ठराव हाय." कागद दाखवला, तं खाली सही आमच्या यायची! आम्ही वीस-बावीस बाया तिथंच मेथी-सांबाराच्या जुड्या इकतो. आता बसावं कुठं?

घरी येऊन इचारलं. हे म्हणे, "बंडू म्हणे, भाऊ, घाई हाय, सही मारून ठेवा, मजकूर मंग लिहू. मी मारली."

कोऱ्या पानावर! अरे देवा. असा राग आला, असा राग आला... स्वयंपाकच नाई केला.

९ फेब्रु., सोम.
शेजारची शांताकाकू सात-आठ जणी घेऊन आली. "तुह्या नवऱ्यानं आमची जागा खाल्ली वं." माहं बी दुकान तिथंच, पण कोण ऐकते? यायले म्हटलं, जा, बंडूले जाब इचारा. गेले. चहा पिऊन वापस आले.

१२ फेब्रु., गुरु.
ग्रामसभा. तालुक्याचे साहेब आलते. रजिस्टर दाखवून म्हणे, "सही तुमचीच ना?" हे उठले. "सही माहीच, साहेब. पण पान कोरं होतं."

मले रडूच आलं.

साहेब म्हणे, "उद्या लेखी द्या, ठराव थांबवतो. पण मंग कारवाई तुमच्यावरबी. पद जाईन, केसबी होऊ शकते."

१३ फेब्रु., शुक्र.
सकाळपासून यायच्यासमोर कोरा कागद. बंडू येऊन गेला, "भाऊ, काऊन डोक्याले ताप? चूप बसा." यायनं त्याले "बरं" म्हटलं. शांताकाकू आली, "लिहाच भाऊ." तिलेबी "बरं"!

आता हे मले म्हणते, "तू सांग. लिहू का?"

वरीसभर मीच कावत होती, एकदा तं ठाम राहा म्हणून. आन् आज जीभच उचलत नाई. जेलात टाकलं तं? आन् नाई लिहिलं तं त्या बायांचं काय? "लिहा" म्हटलं नाई, "नका लिहू" बी नाई. हे पेन धरून माह्या तोंडाकडं पाहून राह्यले.