ड्रमाचे झाकण

प्रिय गुड्डूची माय,

आज तुझा ड्रम गाळला. तोच, मोरीजवळचा निळा, संत्र्याच्या सालींचा. संक्रांतीच्या आसपास तू तो भरून ठेवला आणि आठवडाही झाला नसेल, निघून गेली. गाळून झाल्यावर मी हाक मारली, "अवं, इकडे ये तं!" आणि मग आठवले. आता हे सांगायचे कोणाला? म्हणून कागद घेऊन बसलो. थकलो आहे, अक्षर वाकडे येईल, सांभाळून घे.

येत्या रविवारी गुड्डू मला न्यायला येऊन राहिला. गावचे घर बंद करून पुण्याला चला म्हणतो. मीही हो म्हणून बसलो. एकट्यासाठी वरण-भात करायचा, एकट्याची भांडी घासायची, कशाला एवढी खटपट? वाटले, जाण्याआधी ड्रम तेवढा रिकामा करून ठेवू. अर्धवट टाकून गेलो असतो तर तू वरूनही बोलली असती.

काय गं तुझा तो नाद! बाजाराच्या दिवशी लोक थैलीत भाजी आणायचे आणि तू ज्यूसवाल्याकडच्या साली. त्यात गूळ, पाणी, आणि तीन महिने सडवायचे. कशासाठी? तर फरशी पुसायला! मी म्हणायचो, "गूड खायचा का फरशीले पाजायचा?" तू म्हणायची, "तुमी नका बोलू जी, तुमाले का समजते?" खरेच, काही समजत नव्हते.

तुझ्या तेरवीची गंमत सांगू? घरभर पाहुणे होते, पण रोज सकाळी झाकण ढिले करून हवा सोडायची असते, हे ध्यानात कोणाच्या? पंगत बसली, वरण वाढणे सुरू होते आणि मोरीकडे फाट्! झाकण उडून थेट छपराच्या कवेलूवर. साली अंगणभर. अर्धी पंगत घास टाकून उभी झाली. तुझी थोरली जाऊ ओरडली, "जीव अडकला जी तिचा, त्या ड्रमातच अडकला!" मला हसू फुटले. भर तेरवीत हसलो गं! लोक म्हणाले, म्हातारा गेला कामातून. पण हसता हसता जे रडू आले, ते तोपर्यंत आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ते झाकण माझ्या गळ्यात पडले. सकाळी उठावे असे वाटायचे नाही. कोणासाठी उठू? पण ड्रम फुगायचा ना! शिव्या देत उठायचो, झाकण ढिले करायचो, फुस् व्हायचे, मग चहा मांडायचो. असले काम मागे ठेवून गेली, काऊन? बरणीभर लोणचे नसते ठेवता आले?

एक गोष्ट मात्र मनाला लागली. तेरवी झाल्यावर बायांनी फिनाइल टाकून घर धुतले आणि माझा खोकला उसळला. राइस मिलमध्ये जन्म गेला, कोंड्याची धूळ छातीत बसलेली, तुला माहीतच आहे. खोकून खोकून अर्धा झालो तेव्हा तुझी जाऊ म्हणाली, "म्हणूनच तं ते पानी बनवत होती. फिनाइल तुमाले सोसत नाही म्हणून." मला तर तू सांगायची, फरशीले चमक येते! एकदा तरी खरे सांगायचे होते. मी चिडवणे बंद केले असते. नसतेही कदाचित, पण सांगायचे तर होते!

तर आज तुझ्या जुन्या सुती लुगड्यातून गाळले. तांबूस पाणी, आंबूस वास. मग फळीवरची तिखाडीच्या तेलाची शिशी काढली. तुझा भाऊ नवेगाव बांधहून आणून द्यायचा ना, त्या रानगवताचे तेल, तेच. बूच उघडले आणि घरात तू आली. गुलाबासारखा पण थोडा तिखट, तुझ्या हाताला कायम असायचा तो वास. मी बराच वेळ शिशी धरून तसाच उभा होतो.

पुढचे ऐकून हसशील. तेल सरळ बादलीत ओतले. ते वरच तरंगत राहिले. तसाच पोछा मारायला घेतला आणि पाय सटकून धपकन खाली बसलो. कंबर अजून ठणकून राहिली. बसल्या बसल्या तुझे बोलणे आठवले, "तेल आन पानी एकमेकासंगं बोलत नाहीत जी, मंधात रिठा बसवा लागते." मग काय, रिठे उकळले, त्या फेसाळ पाण्यात आधी तेल घोटले, मग बादलीत टाकले. जन्मात पहिल्यांदा सगळे घर पुसले. कसे करत होतीस गं हे रोज? खोकला आला नाही. फरशी वाळेपर्यंत खाटेवर पाय वर घेऊन बसलो. "पाय खाली ठेवाल तं पाहा!" म्हणणारे कोणी नव्हते, तरी बसलो.

शेवटी उरलेल्या साली फेकायला निघालो. दारापर्यंत गेलो आणि थांबलो. यातलीच दोन मुठी तू पुढच्या ड्रमाला विरजण म्हणून ठेवायची ना? मग ते फेकू कसे? ज्यूसवाल्याकडे गेलो. संत्री संपली आता, मोसंबीच्या साली दिल्या त्याने. गूळ घेतला. ड्रम पुन्हा भरला. विरजण घातले.

मग गुड्डूला फोन लावला. म्हटले, माझे पुण्याचे तिकीट रद्द कर.

"काऊन बाबूजी? तब्येत बरी आहे ना?"

"ड्रम लावला तुझ्या मायचा. तीन महिने लागते. झाकण कोण उघडंल रोज?"

पोरगा हळूच म्हणाला, "आन तीन महिन्यांनंतर?"

मी म्हटले, "विरजण तं उरतेच ना बाप्पा."

तिकडे तो रडला बहुतेक. मी फोन ठेवून दिला.

तर गुड्डूची माय, माझा शब्द घे. थकलो आहे, पण सकाळचे झाकण चुकवणार नाही. आधी रिठा, मग तेल. आणि फरशी वाळेपर्यंत पाय खाली ठेवणार नाही.

खाटेवर पाय वर घेऊन बसलेला,
गुड्डूचा बाप