काळ्या द्राक्षाचा फिका रंग

चि. ललित,

आपल्या दुर्मीळ देशी वेलीची द्राक्षे काळीभोर, मग वाईन फिकट लाल का, असे सगळेच विचारतात. रंग रसात नसतो, सालीत असतो. आणि हिची साल फार पातळ. म्हणूनच यंदाचा गडद प्याला पाहून मी घाबरले.

तू मात्र हसलास, "ताई, पाह्य, औंदा रंग कसा चढला!"

बाहेरचा रंग घातलास का, हे विचारायला धीर झाला नाही; हे पत्रही तुझ्या हातात देववत नाही, म्हणून प्याल्याखाली ठेवते. उद्या उत्पादन शुल्काचे अधिकारी वाईनचा नमुना नेतील. त्यात बाहेरचा रंग सापडून परवाना गेला, तर तू वेल उपटून केळी लावशील.

प्याल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, की द्राक्षाचा रंग निळसर-करडा होतो. बाहेरचा बहुधा लालच राहतो. तूच टाक. माझ्याच्याने टाकवत नाही.

तुझीच,
ऋतिकाताई
सावदा